आधी सांधा, मग ब्लेड

महाडात लाकूड वर्षातून दोनदा अंग बदलतं. मृग लागला की ते हवेतली ओल प्यायला लागतं आणि रुंदीला फुगतं. शिमगा उलटला की तीच फळी आकसते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारा हा मुलूख. दारं आषाढात चौकटीत अडकतात आणि वैशाखात त्यांच्या फटींतून उजेड दिसतो, हे इथल्या घराघराला ठाऊक आहे. तरी सुतारकाम शिकायला येणारी पोरं पहिला प्रश्न विचारतात तो मशीनचाच. "काका, ब्लेड किती दातांचं घेऊ? राउटरच्या बारा बिटांचा डबा मिळतोय, घेऊन टाकू?" मी विचारतो, करायचंय काय, कुठल्या लाकडात, आणि सांधा कुठला? एवढं ठरलं की ब्लेड आणि बिट कुठलं लागणार हे जवळपास ठरूनच जातं. उलट्या बाजूने सुरुवात केली तर हत्यारं जमतात, काम जमत नाही.

माझी उमेदीची वर्षं मुंबईत फर्निचरच्या साइटवर गेली. महाड-पोलादपूरच्या गावागावांतून माणूस पोटासाठी मुंबईला जातो, तसाच मीही गेलो. तिथलं काम म्हणजे प्लाय, लॅमिनेट, स्क्रू आणि गोंद. एसी लावलेल्या खोलीत ते वर्षानुवर्षं जागचं हलत नाही. त्या कामाला मी कमी लेखत नाही; हाताला सफाई तिथेच आली. परत येऊन महाड आणि पोलादपूरच्या मधे, महामार्गापासून जरा आत, शेड टाकली तेव्हा अख्ख्या लाकडाशी पुन्हा गाठ पडली. वडील, चुलते सगळे सुतार, त्यामुळे खाच, तिच्यात बसणारं कुसू आणि दोघांना आरपार अडकवणारी मेख हे शब्द लहानपणापासून कानावरचे. त्यांची किंमत डोळ्यांनी पाहिली ती २०२१ च्या पुरानंतर.

त्या वर्षी २२ जुलैला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत माणसाच्या डोक्यावरून गेलं. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. त्या दुःखापुढे खुर्च्या-कपाटांचं बोलायला जीभ रेटत नाही. पण पाणी ओसरल्यावर माणसाला बसायला, झोपायला, धान्य ठेवायला सामान लागतंच, आणि चिखलातून ओढून काढलेलं ते सामान टेंपोने माझ्या शेडसमोर येऊन पडायला लागलं. भुसा दाबून केलेल्या बोर्डाची कपाटं दुप्पट जाड झाली होती. बोटाने दाबलं तरी कडा निखळायच्या, स्क्रूला धरायला काही उरलंच नव्हतं. साध्या प्लायचे थर सुटले होते. आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय फळी म्हणून टिकला, पण त्याच्या पेट्या ज्या पांढऱ्या गोंदावर उभ्या होत्या तो गोंद पाण्यात मऊ पडला आणि कोपरे उघडले. जुन्या सागाच्या खुर्च्या, देव्हारे, पाट, पेटारे मात्र धुऊन सावलीत ठेवले आणि त्यांतले बहुतेक पुन्हा उभे राहिले.

एक खुर्ची मी घरमालकिणीला विचारून उकलून पाहिली. हातकामाची होती, त्या आजींच्या सासऱ्यांच्या वेळची. मागच्या पायाची जाडी दीड इंच, आणि खाचेची रुंदी तिच्या बरोबर तिसऱ्या हिश्शाची. बाहेरून आत ठोकलेली बांबूची मेख. ती मी मागून हलकेच ठोकून काढली, तर सरळ नव्हती. मधे किंचित वाकलेली होती. पायातलं भोक आणि कुसवातलं भोक एका रेषेत नव्हतंच. कुसवातलं भोक खांद्याच्या बाजूला जेमतेम मिलिमीटरभर सरकवलेलं होतं. मेख आत जाताना त्या फरकापुरती वाकते आणि कुसवाला कायमची खाचेत खेचून धरते. गोंदाचा मागमूस नव्हता. पाण्यात लाकूड फुगलं तेव्हा सांधा आणखी आवळला, वाळून आकसलं तेव्हा मेखेने त्याला सुटू दिलं नाही. ती खुर्ची करणाऱ्याकडे करवत, पटाशी, गिरमिट आणि इथल्या पावसाची पुरती ओळख एवढंच भांडवल असणार. नव्या मेखा घालून ती मी परत दिली. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी खाच-कुसवाचा सांधा शिकवतोच, आणि तोही मेखेसकट.

पण पहिली वस्तू म्हणून मी पाट करायला लावतो. पाट सोपा दिसतो, आणि लाकूड कसं हलतं हे शिकवायला त्याच्यासारखी दुसरी वस्तू नाही. फूटभर रुंदीची सागाची फळी उन्हाळा ते पावसाळा दोन-तीन मिलिमीटर हलते, तेही रुंदीत. लांबीत ती हलल्याचं कळतसुद्धा नाही. पाटाखालच्या दोन पट्ट्या फळीला आडव्या असतात, म्हणजे फळी जिकडे फुगते-आकसते तिकडे पट्टी ठाम उभी. अशा पट्ट्या गोंद लावून स्क्रूने आवळल्या की फळी एक तर चिरते, नाही तर वाकते. जुने सुतार पट्टी खिळ्याने मारतच नसत. फळीच्या पोटात तळाला रुंद आणि तोंडाशी अरुंद अशी खाच काढायची, पट्टीची कड तशीच उतरती तासायची आणि ती बाजूने सरकवत आत घालायची. पट्टी फळीला वाकू देत नाही, आणि फळी मात्र पट्टीवरून हवी तशी सरकते. गोंदाचा ठिपका द्यायचाच असेल तर मधोमध, एकाच जागी.

आता ब्लेड. पाटाची फळी लांबीला चिरणं म्हणजे धाग्याच्या दिशेने जाणं; टोकं कापणं म्हणजे धागे आडवे तोडणं. ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. चिरताना दात पटाशीसारखा काम करतो, धाग्यांमधून लांब सालपटं उचलतो, आणि ती बाहेर टाकायला दातांमधे खोल, मोकळी जागा लागते. म्हणून चिरण्याच्या ब्लेडला दात कमी. आडवं कापताना प्रत्येक धागा सुरीने कापावा तसा तुटायला हवा, नाही तर खालच्या बाजूने तुसं निघतात. म्हणून तिथे दात जास्त आणि त्यांची टोकं आलटून-पालटून डाव्या-उजव्या अंगाला उतरती. दहा इंची टेबल सॉला चिरायला २४ दातांचं, आडवं कापायला ६० ते ८० दातांचं ब्लेड लागतं. दोन घ्यायची ऐपत नसेल तर ४० दातांचं एक घेऊन काम निभावतं. जास्त दात म्हणजे जास्त चांगलं, असं समजून ८० दातांच्या ब्लेडने दोन इंची साग चिरायला जाणारा मुलगा दर बॅचला असतोच. भुसा दातांत कोंबला जातो, ब्लेड तापतं, फळी काळी पडते, आणि मग तो आणखी जोराने ढकलतो. तिथे मी मशीन बंद करायला लावतो.

गेल्या पावसात बिरवाडीची एक मुलगी फणसाची फळी चिरत होती. एका बाजूला लांबच लांब काळा पट्टा. "काका, ब्लेड गेलं वाटतं." मी म्हटलं, "अगं, आधी सांग, डाग कुठल्या अंगाला आहे?" तिने फळी उलटी-सुलटी करून पाहिली. डाग एकाच बाजूला होता, फेन्सच्या, म्हणजे फळी जिला टेकवून सरकवतात त्या पट्टीच्या. ब्लेड बोथट असतं तर दोन्ही बाजू करपल्या असत्या. तिने फेन्सचं ब्लेडपासूनचं अंतर पुढे आणि मागे मोजलं. मागच्या टोकाला फेन्स आत आली होती आणि फळीला ब्लेडवर दाबत होती. ती सरळ केली, दातांवर चढलेला फणसाचा चीक रॉकेलच्या फडक्याने पुसला, आणि तेच ब्लेड लोण्यातून गेल्यासारखं गेलं. बहुतेक वेळा नवं ब्लेड घ्यावं लागत नाही. असलेलं साफ करावं लागतं आणि मशीन काटकोनात आणावं लागतं. गुण्या लावून पाहायला पाच मिनिटं लागतात.

एका गोष्टीवर मी तडजोड करत नाही. आपल्याकडे फरशी कापायच्या चार इंची कटरला लाकडाचं ब्लेड लावून सर्रास काम चालतं. मुंबईच्या साइटवरही चालतं, इथेही चालतं. ते मशीन स्वस्त आहे, हलकं आहे, आणि कुशल हातात त्याने सुंदर काम होताना मी पाहिलंय. पण त्याला लाकडाच्या करवतीसारखा आपोआप खाली येणारा गार्ड नसतो, आणि ते मिनिटाला बारा-तेरा हजार फेऱ्या फिरतं. लाकडातली गाठ लागली किंवा चीर मागून मिटली की अख्खं मशीन उसळून मागे येतं. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. गार्ड असलेली सात इंची गोल करवत आणि सरळ पट्टीला लावलेले दोन क्लॅम्प, यांवर पहिली दोन-तीन वर्षं आरामात निघतात. ब्लेडवर छापलेला फेऱ्यांचा आकडा मशीनच्या आकड्यापेक्षा मोठा असला पाहिजे, हे दुकानातच वाचून घ्यावं. अँगल ग्राइंडरला दाताचं ब्लेड लावलेलं दिसलं की मी ते काढून ठेवतो, मग मालक कुणीही असो.

लाकडाचंही थोडं सांगतो, कारण ब्लेडचं आयुष्य त्यावर आहे. आमच्याकडे शिकायला येणाऱ्यांतले निम्मे तरी स्वतःच्या जुन्या घराचं लाकूड घेऊन येतात. कौलारू घर पाडून स्लॅब टाकला की तुळया, वासे, आढं मागच्या पडवीत रचलेलं असतं. साग असतो, ऐन असतो, किंजळ असतो. वर्षानुवर्षं वाळलेलं ते लाकूड बाजारात पैसे मोजून मिळणार नाही. पण त्यात खिळे असतात, काही इतके आत गेलेले की वरून फक्त काळसर ठिपका दिसतो. टंगस्टन कार्बाइडचे दात कडक असतात तसेच ठिसूळही. एका खिळ्यावर चार-पाच दात उडतात. म्हणून आधी लोहचुंबक दोरीला बांधून सगळ्या बाजूंनी फिरवायचा, मग रंधा, मग करवत. स्वतःच्या बागेतला फणस किंवा आंबा तोडायचा विचार असेल तरी आधी वन विभागाची परवानगी. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, खैर, ऐन, किंजळ यांच्याबरोबर आंबा, फणस, जांभूळही आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. शिकण्यापुरतं विचाराल तर मी शिवण सुचवतो. हलकी, कमी हलणारी, हत्याराला मऊ. साग टिकतो खरा, पण त्याच्या अंगात वाळूचा अंश असतो, तो धार खातो. शिवाय तो तेलकट, म्हणून गोंद लावायच्या आधी थिनरने पुसून घ्यावा लागतो. ऐनाच्या वाट्याला पहिल्या वर्षी जाऊच नये. तो वाळताना फाटतो आणि करवतीला दमवतो.

राउटरच्या बिटांचे डबे दिसायला मोहक असतात. लाल-निळ्या रंगाची बारा-पंधरा बिटं ओळीने. त्यांतली दोन-तीन वापरात येतात, बाकीची गंजतात; आमच्या हवेत तर लवकरच. मी चार घ्यायला सांगतो, आणि चांगली. सहा मिलिमीटरचं सरळ, बारा मिलिमीटरचं सरळ, बेअरिंगचं फ्लश ट्रिम, आणि पाटासाठी बारा मिलिमीटरचं डोव्हटेल. कडा गोल करायचं बिट पाचवं, तेही हौस म्हणून. ते काम रंधा आणि पॉलिश पेपरने उत्तम होतं. दांडा पाव इंची आहे की सहा मिलिमीटरचा, हे नीट बघा. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. सहाचा दांडा बिट धरणाऱ्या पाव इंची कॉलेटमधे आवळल्यासारखा वाटतो आणि काम करताना निसटतो. तीस हजार फेऱ्यांवर निसटलेलं बिट कुठे जाईल ते सांगता येत नाही. दांडा पूर्ण आत घालून मग दोन मिलिमीटर बाहेर ओढायचा आणि आवळायचा.

फिरवायची दिशा पहिल्या दिवशी कागदावर काढून भिंतीला चिकटवली आहे. बाहेरच्या कडेने घड्याळाच्या उलट, चौकटीच्या आतल्या कडेने घड्याळाप्रमाणे. या दिशेने बिट तुमच्या हाताला विरोध करतं आणि ताब्यात राहतं. उलट गेलात की ते पळतं आणि राउटरला ओढून नेतं. फळीच्या चारी कडा करायच्या तर आधी आडव्या धाग्याची टोकं, मग लांब बाजू. टोकाला निघालेली फूट लांब बाजूच्या फेऱ्यात निघून जाते. एका फेऱ्यात तीन मिलिमीटरपेक्षा खोल जायचं नाही.

याला अपवाद डोव्हटेल बिटाचा, आणि तिथेच नवखे अडतात. त्याचं तोंड खाली रुंद असल्यामुळे ते थोडं-थोडं खोल नेता येत नाही. जी खोली हवी ती एकाच फेऱ्यात घ्यावी लागते. म्हणून पाटाच्या खाचेत आधी सहाच्या सरळ बिटाने टप्प्याटप्प्याने गाळ काढायचा, आठ मिलिमीटरच्या खोलीला किंचित कमी, आणि मग डोव्हटेल बिट पूर्ण खोलीवर लावून एका दमात, पट्टीला चिकटून, एका कडेने आत आणि दुसऱ्या कडेने बाहेर. मधे राउटर उचलला तर खाचेचं तोंड फाटलंच. पट्टीची कड करायला राउटर टेबलाखाली उलटा बसवायचा आणि तेच बिट वापरायचं. दोन्ही अंगांनी कागदाच्या जाडीएवढं कमी करत जायचं, दर वेळी खाचेत घालून बघायचं. पट्टी हाताने अर्ध्यापर्यंत जावी, पुढे लाकडी हातोड्याने हलकेच. ती पहिल्यांदा नीट सरकते तेव्हा पोरांचे चेहरे बघावेत.

पाट झाला की चौरंग. गणपतीच्या आधी पुष्कळ घरांतून मागणी येते, म्हणून ऐन श्रावणात शिकणारे चौरंग करतात, म्हणजे लाकूड सगळ्यांत ओलं असताना. खाचेची रुंदी बिटाने ठरते, म्हणून खाच आधी आणि कुसू नंतर. कुसू तासता येतं, खाच भरता येत नाही. दीड इंची पायाला बारा मिलिमीटरचं बिट बरोबर बसतं, तो जवळपास तिसरा हिस्सा. राउटरने काढलेल्या खाचेची टोकं गोल येतात. मी ती पटाशीने चौकोनी करायला लावतो. कुसवाच्या कडा गोल करूनही भागतं, पण पटाशी हातात यायला हवी, आणि ती धार लावल्याशिवाय येत नाही. पावसात बसवलेला सांधा घट्टच असावा, कारण तो पुढे आकसणार आहे. ड्रॉवर असेल तर हिशेब उलटतो: मे महिन्यात केला तर उंचीला दोन-तीन मिलिमीटर मोकळं ठेवा, ऑगस्टमधे केला तर अगदी बेताचं. वरची फळी चौकटीला गोंदाने कधीच चिकटवू नका. लांबट भोकातून स्क्रू द्या, म्हणजे ती हलायला मोकळी राहील.

दोन गोष्टी मी कंटाळा येईपर्यंत सांगतो. फिरत्या मशीनजवळ हातमोजे नकोत, ते बोटांना आत ओढतात. आणि मास्क. लाकडाच्या बारीक धुळीला कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ मधेच कर्करोगकारक ठरवलंय. माझ्या पिढीतल्या सुतारांनी ती धूळ आयुष्यभर छातीत भरून घेतली. सागाच्या भुशाने अंगाला खाज येते तेव्हा तरी ती दिसते. छातीतली दिसत नाही.

सुतारांच्या घरांतली पोरं अलीकडे पंतप्रधान विश्वकर्मा योजनेबद्दल विचारत येतात. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत अठरा व्यवसायांमधे सुतारकाम आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. माझं त्यांना सांगणं असं: तेवढ्या मदतीत करवत आणि राउटर आले, तर स्वतःच्या खिशातला पुढचा पैसा तिसऱ्या मशीनवर घालू नका. सोबत आलेलं ब्लेड बहुधा कामचलाऊ असतं. त्याच मशीनला चांगलं ब्लेड लावलं की मशीन बदलल्यासारखं वाटतं. त्यानंतर दोन पटाशा, पाव आणि अर्धा इंची, आणि धारेचा दगड.

कार्बाइडच्या दातांना कानशीने धार लागत नाही, हिऱ्याचं चाक लागतं. आमची ब्लेडं त्यासाठी पुण्याला जातात. म्हणून जे ब्लेड रोजच्या वापरातलं, ते जोडीने घ्या. एक धारेला गेलं तरी दुसऱ्यावर काम चालू राहतं. आणि पहिलं धारेला द्यायची वेळ गाठीवर किंवा जाड चिरावर ठरवू नका. शिवणीची एक साधी फळी वेगळी ठेवा, दर महिन्याला तिच्यावर एक आडवा छेद घ्या आणि त्यावर तारीख लिहा. छेद खरबरीत व्हायला लागला की ब्लेड काढा.